आम्ही सगळे ‘एशियन’!

ऑनसाइट गेलेल्या प्रत्येकाला अमेरिकेत हा फॉर्म कधी ना कधी भेटतोच. नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत सगळं सुरळीत. मग प्रश्न येतो, तुमचा वंश कोणता? आता कोल्हापूरच्या पोराला आपण ‘एशियन’ आहोत असं जन्मात कधी वाटलेलं नसतं. तो कोल्हापूरचा, फार तर महाराष्ट्राचा, आणि मॅच असेल तर भारताचा. पण तो त्या चौकटीत टिक करतो आणि एका फटक्यात चिनी, कोरियन, फिलिपिनो, व्हिएतनामी सगळ्यांचा भाऊबंद होतो. भाषा एक नाही, देव एक नाही, जेवण तर नाहीच नाही!

मग ही भावकी जमवली कुणी? याचं उत्तर मला सापडलं ते येन ले एस्पिरितू या बाईंच्या पुस्तकात. जन्म व्हिएतनाममधला, करिअर अमेरिकेतलं. समाजशास्त्राच्या या अभ्यासक बाईंचं ‘एशियन अमेरिकन पॅनएथ्निसिटी’ १९९२ साली आलं. नाव जडबातुंब आहे, पण म्हणणं साधं. ‘एशियन’ ही ओळख संस्कृतीतून उगवलेली नाही. ती घडली राजकारणातून, सरकारी खात्यांच्या वर्गवारीतून आणि चक्क मारहाणीतूनही.

गंमत बघा. १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं आणि अमेरिकेतल्या जपान्यांवर सगळे तुटून पडले. तेव्हा तिथल्या चिन्यांनी काय केलं? छातीवर बिल्ले लावले, ‘मी चिनी आहे’. म्हणजे बाबांनो, मारायचं तर त्यांना मारा, आम्ही वेगळे! ‘एशियन अमेरिकन’ हा शब्द आला थेट १९६८ साली, बर्कलीच्या विद्यार्थी चळवळीतून. त्याआधी सगळ्यांना मिळून ‘ओरिएंटल’ म्हणत, तेही गोऱ्यांनीच ठेवलेलं नाव.

कॉलेजातल्या या शब्दामागे सगळा समाज उभा राहायला मात्र एक खून व्हावा लागला. १९८२, डेट्रॉइट. जपानी गाड्यांमुळे आपल्या नोकऱ्या गेल्या म्हणून मोटार कारखान्यांचं हे शहर धुमसत होतं. दोन गोऱ्यांनी व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारलं. लग्न काही दिवसांवर आलेलं. आणि तो जपानी नव्हताच, चिनी होता! मारेकऱ्यांना शिक्षा काय? प्रोबेशन आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड. तुरुंगात एक दिवसही नाही. तेव्हा चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो एकत्र रस्त्यावर आले. बिल्ला लावून आपण वाचत नाही, हे सगळ्यांना एकदमच कळलं.

तुम्ही म्हणाल, यात आपण कुठे? आपण १९७० च्या जनगणनेत गोऱ्यांत मोजले गेलो होतो, बॉस! खोटं नाही सांगत. मग तिथल्या भारतीय संघटनांनीच मागणी लावून धरली आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ अशी वेगळी चौकट मिळाली. वेगळं मोजलं गेलं की अल्पसंख्याकांच्या सवलतींवर हक्क सांगता येतो, हा रोखठोक हिशोब.

पण चौकट कागदावर असते, रस्त्यावरचा माणूस स्वतःची चौकट घेऊन येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये हैदराबादचा इंजिनिअर श्रीनिवास कुचिभोटला ऑफिस सुटल्यावर मित्राबरोबर बारमध्ये बसला होता. त्याला गोळी घालणाऱ्याची समजूत होती, हे दोघं इराणी आहेत. श्रीनिवासही तुमच्याआमच्यासारखाच, शिकून-सवरून नोकरीसाठी गेलेला.

हे वाचून अमेरिकेच्या नावाने बोटं मोडायला मीही तयार होतो. मग आपलं पुणं आठवलं. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे बेंगळुरूतून आणि पुण्यातून ईशान्येकडची हजारो मुलंमुली मिळेल त्या ट्रेनने गावी पळाली. त्यात नागा होते, मिझो होते, मणिपुरी, आसामी होते. त्यांच्या भाषा वेगळ्या, राज्यं वेगळी. पण ‘चिंकी’ म्हणताना आपण कधी राज्य विचारलं होतं? ती सगळी एकाच डब्यात बसली, कारण आपण त्यांना एकाच चौकटीत बसवलं होतं.

तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये अशी कुणी असेल, तर आज लंचला तिच्या गावाचं नाव विचारून घ्या.