बॅटरी कोणाच्या नावे?

तांब्याच्या तारेचा टेलिफोन आता निघाला आहे, आणि तो जावा हेच बरे. पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरून मुकी होणारी, रस्ता खणला की तुटणारी आणि भंगारात भाव येतो म्हणून रात्रीतून नाहीशी होणारी ती केबल. तिच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. तिच्यावरून इंटरनेट घेतले तर एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग कमी. काचेच्या तंतूला गंज नाही आणि भंगारवाल्याला त्याचा उपयोग नाही. हा दुसरा गुण आपल्याकडे लहान मानू नये.

पण या अदलाबदलीत एक रक्कम गुपचूप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली आहे, आणि बँकेत हयात घालवलेल्या माणसाची नजर नेमकी तिथेच अडते. जुन्या फोनला भिंतीतला प्लग लागत नसे. त्याची वीज त्याच दोन तारांतून, एक्स्चेंजमधून येई. तिथे दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडून ४८ व्होल्टची बॅटरी सज्ज असे, तिच्या पाठीशी डिझेलचे जनित्र. गावात अंधार झाला तरी रिसीव्हर उचलला की टोन ऐकू येई. आपण भाडे भरत होतो ते त्या बॅटरीचेही. बिलावर तिचे नाव कधी छापले गेले नाही, एवढेच.

काचेतून वीज जात नाही. भिंतीवरची लुकलुकणारी डबी घरच्या विजेवर चालते; वीज गेली की इंटरनेट बंद, आणि त्याच डबीला जोडलेला फोनही बंद. बॅटरी सांभाळण्याची जबाबदारी कंपनीने ग्राहकाच्या नावे टाकली. व्हाउचर नाही, सही नाही.

‘मोबाइल आहे की!’ असे कोणी म्हणेल. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही मुके झाले होते. त्या वादळात खांबावरची तांब्याची तारही टिकली नसती, हे मान्य. पण दोन-चार तास वीज जायला वादळ लागत नाही. ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी बाई त्या अंधारात चष्मा आणि मोबाइल शोधत नाही. तिचा हात सवयीने कोपऱ्यातल्या फोनकडे जातो.

ब्रिटनमध्ये जुने जाळे डिसेंबर २०२५ पर्यंत बंद व्हायचे होते. तिथे वृद्धांच्या गळ्यात मदतीचे बटण असते, ते लँडलाइनवरून संदेश पाठवते. जोडणी बदलल्यावर काहींची बटणे ऐन वेळी चालली नाहीत; मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. ज्यांचा सारा भरवसा लँडलाइनवर आहे, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तातडीचा फोन करता यावा, अशी सोय कंपनीने फुकट द्यावी, असे तिथल्या नियामकाने २०१८ मध्येच सांगितले होते. एक तास! आपल्याकडे तेवढ्यात विजेच्या कचेरीचा फोनही लागत नाही.

आपण चार तास मागावेत. हे अवघड नाही. घरापर्यंतच्या तंतूच्या वाटेवर जे फाटे असतात त्यांना सहसा वीज लागतच नाही, आणि डबी खाते जेमतेम दहा-पंधरा वॅट. ज्येष्ठ ग्राहकाला छोटी बॅटरी जोडणीबरोबरच, विनामूल्य मिळावी. ती थकली की बदलण्याचे काम कंपनीचे. अर्जावर ठळक मराठीत ओळ हवी : ‘वीज गेल्यास हा फोन बंद पडेल.’ तिच्याखाली ग्राहकाची सही. सध्या डबी बसवायला येणारा मुलगा वेग सांगतो, चित्रवाहिन्यांची संख्या सांगतो, जुनी तार गुंडाळून पिशवीत टाकतो आणि निघतो. ही ओळ तो विचारल्यावाचून सांगत नाही.