भरतीनंतरही धावता यावे

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, त्यामुळे वर्दीचे आकर्षण इथल्या पोरांना नवे नाही. कळमनुरी, सेनगाव, वसमतच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले बहुतेक पोलीस शिपाई भरतीसाठीच धावतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे गुण 50. या गुणांनी जेवढी मुले अंथरुणातून उठवली, तेवढी आरोग्यावरच्या व्याख्यानांनी उठवली नसतील. मुलीला सडकेवर धावायला घरून परवानगी मिळाली, तीही अनेकदा भरतीच्याच नावाने. हे श्रेय द्यायलाच हवे.

पण यादीत नाव आले नाही किंवा वय उलटले, की बूट कोपऱ्यात पडतात. ज्याची उंची 165 सेंटीमीटर भरत नाही, त्याला तर व्यायाम आपल्यासाठी नाहीच, असे वाटते.

शेतातल्या पोराला वेगळा व्यायाम कशाला, असे पालक विचारतात. हळद काढणीच्या दिवसांत तो प्रश्न रास्तच आहे. मात्र ते कष्ट हंगामी असतात, कंबर तेवढी झिजवतात. आणि तोच मुलगा उद्या दुकानात नाहीतर कार्यालयात बसणार असतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार जगातल्या 11 ते 17 वयाच्या दर पाचपैकी चार मुलांची पुरेशी हालचाल होत नाही. मुलींची स्थिती मुलांहून वाईट आहे.

दहावीचे गुण, अपुरी मैदाने, क्रीडाशिक्षकांची वानवा या शाळांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही आमचे मत असे, की भरतीची तयारी चालू राहावी, पण सवय त्याआधी, आठवी ते दहावीतच लागावी. त्यासाठी मैदानापेक्षा शिकवण्याची रीत बदलायला हवी. धाप न लागता किती वेळ धावता येते, नाडी कशी मोजायची, आजारपणानंतर पुन्हा हळूहळू सुरुवात कशी करायची, हे मुलांना कळावे. तुलना वर्गातल्या पहिल्याशी नको, स्वतःच्या मागच्या महिन्याशी असावी. सूर्यनमस्काराला चटईएवढी जागा पुरते; जिला बाहेर सोडत नाहीत, तिलाही तो घरात घालता येतो. आणि उशिरा आलेल्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे तर आधी थांबावे. शिक्षा म्हणून भोगलेली धाव पुढे कोणी आवडीने धावत नाही.

मुख्याध्यापकांना विनंती एवढीच: जूनमध्ये वेळापत्रक आखाल, तेव्हा शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊ नका.