‘झेपेल ते घे’ म्हणणाऱ्यांना आमचा सवाल : टॅलेंट ट्री, चातुर्वर्ण्य आणि निवडीचा हक्क

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यातली गोष्ट. सोलापुरात आम्ही काही कार्यकर्ते मिळून वस्तीत एक अभ्यासिका चालवतो. तिथं देणगीतून मिळालेला एक बरा संगणक आहे. अभ्यास संपला की शेवटचा अर्धा तास पोरांना मोकळीक असते. त्या संध्याकाळी संगणकासमोर एक सोळा वर्षांची पोरगी बसली होती. तिची आई विड्या वळते. पोरगी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत होती. हा गेम वीसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतो, म्हणून आमच्या पोरांना परवडतो. तिचं पात्र होतं मेज, म्हणजे जादूगार. नुकतीच ती दहाव्या लेव्हलला पोचली होती आणि पुढची वाट निवडत होती : आग, बर्फ की गूढविद्या. एकेक टॅलेंट वाचायची, शेजारच्या पोराशी भांडायची, परत वाचायची. आम्ही मागं उभे राहून बघत होतो. इतक्या गंभीरपणे निवड करणारं पोर आम्ही खूप दिवसांत बघितलं नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी तिच्या शाळेत तिला सांगण्यात आलं होतं, “सायन्सचा नाद करू नको. झेपेल ते घे.” गुण किती? ७८ टक्के. विज्ञानात त्याहून जास्त.

आणि त्याच वेळी आमचाच एक पोरगा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, पडद्याकडं बोट दाखवून म्हणाला, “दादा, चातुर्वर्ण्य पण मूळचं असंच होतं म्हणे. एक मार खाणारा टँक, एक बरं करणारा हीलर, बाकीचे लढणारे. ज्याचं जे टॅलेंट ते काम. जन्माचं लचांड नंतर कुणीतरी घुसडलं.”

कुठल्यातरी व्हिडिओत त्यानं हे ऐकलं होतं. आम्ही त्याला तिथंच उत्तर दिलं. पण हा प्रश्न त्या एका पोराचा राहिलेला नाही. ‘गुणकर्मा’ची ही जुनी दारू नव्या बाटलीत भरून आपल्या पोरांना पाजली जातेय. म्हणून हे सविस्तर लिहावं लागतंय.

आधी गेम काय सांगतो ते बघू

तुलना त्यांनीच आणलीय, तर ती पुरती करू. २००४ साली हा गेम आला तेव्हा त्यात आठ वंश आणि नऊ क्लास होते. दहाव्या लेव्हलपासून दर लेव्हलला एक टॅलेंट पॉइंट मिळायचा. साठाव्या लेव्हलला पोचेपर्यंत ५१ पॉइंट हातात यायचे. हे ५१ सगळ्यांना सारखेच. कुणाच्या आजोबानं आधी खेळून ठेवलं म्हणून नातवाला ८० मिळत नव्हते, आणि कुणाची आई विड्या वळते म्हणून कुणाला २० वर थांबवत नव्हते. ते पॉइंट तीन शाखांत कसे वाटायचे, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. चुकलं तर सोन्याची नाणी मोजून सगळे पॉइंट परत घेता यायचे. पहिल्यांदा एक नाणं, मग पाच, मग दहा, असं वाढत वाढत पन्नासपर्यंत. चूक महाग पडायची, पण जन्मठेप नव्हती.

आता सांगा, चातुर्वर्ण्यात हे पॉइंट कुणी वाटले? शाखा कुणी निवडली? आणि पॉइंट परत घेण्याची खिडकी नेमकी कुठं होती?

खिडकी होती, पण तिच्यावर तलवार टांगलेली होती. शंबूकानं तपाची शाखा निवडली. रामायणातली कथा त्याचं काय झालं ते सांगते. मूळ व्यवस्था गुणावर होती असं म्हणणाऱ्यांनी आधी शंबूकाचं मुंडकं कुठल्या गुणाखाली उडवलं ते सांगावं.

बाबासाहेबांनी हा युक्तिवाद १९३६ सालीच निकालात काढलाय. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बोलावलेलं आणि मग रद्द केलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं, ते ‘जातिभेद निर्मूलन’. त्यात त्यांनी आर्यसमाजी मंडळींना विचारलंय की वर्ण जर गुणावर असेल तर ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही जन्माच्या वासाची नावं का सोडत नाही? पुढं ते प्लेटोकडं वळतात. प्लेटोनं माणसं तीन कप्प्यांत बसवली. बाबासाहेब म्हणतात, माणसाच्या गुणांची विविधता एवढी अफाट आहे की तीन किंवा चार कप्पे तिला पुरूच शकत नाहीत. आणि लोक आपणहून कप्प्यात राहणार नाहीत, म्हणून व्यवस्थेला दंडाचा धाक लागतो. मनुस्मृती तो धाक पुरवते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती जाळली, ती काही हौस म्हणून नव्हे.

जात ही श्रमाची विभागणी आहे असं म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात दाखवून दिलं की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. गेममधला टँक हीलरच्या ताटाला शिवला तर ताट बाटत नाही. लढाई संपल्यावर हीलरला गावाबाहेर राहायला जावं लागत नाही. चातुर्वर्ण्याला ‘टीम’ म्हणणाऱ्यांनी आमच्या आजोबांना विचारावं की ती कुठली टीम, जिच्यात आपल्याच गड्याला पाणी वरून ओततात!

खेळातही जात होती, पण त्यांनी ती दुरुस्त केली

आम्ही गेमची आरती ओवाळायला बसलेलो नाही. या खेळांतही जन्माचे कप्पे होते, आणि ते समजून घेणं शिकण्यासारखं आहे.

या सगळ्या खेळांचा आजोबा म्हणजे १९७४ साली अमेरिकेत आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पडद्याशिवाय, कागद आणि फाशांवर खेळायचा. त्याच्या १९७८ च्या नियमपुस्तकात माणूस सोडून इतर वंशांच्या पात्रांना बहुतेक क्लासमध्ये ठराविक लेव्हलच्या वर जाताच येत नव्हतं. कितीही लढा, कितीही शिका, पुस्तकात छापलेल्या आकड्याला येऊन थांबायचं. स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादाही पुरुषापेक्षा कमी ठेवलेली होती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येही सुरुवातीला पॅलॅडिन व्हायचं तर माणूस किंवा ड्वॉर्फच असावं लागायचं. श्रेणीबद्ध विषमता शिकवायला याहून सोपं उदाहरण वर्गात मिळणार नाही.

पण पुढं काय झालं? २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत लेव्हलची ती बंधनं काढून टाकली. २०२० मध्ये वंशाला चिकटलेले गुणांचे फायदे हवे तिथं लावायची मुभा दिली. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्दच काढून ‘स्पीशीज’ आणला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं २००७ आणि २०१० मध्ये वंश आणि क्लासच्या नव्या जोड्या खुल्या केल्या. २०२२ पासून टॅलेंट बदलायला पैसेही लागत नाहीत. राक्षस आणि परी यांच्या कल्पित जगात झालेला अन्याय पन्नास वर्षांत दुरुस्त करावासा वाटला. आणि इथं हाडामांसाच्या माणसांवरच्या अन्यायाचं ‘मुळात शास्त्रीय होतं’ म्हणून समर्थन चालू आहे!

आपल्या सोलापुरातला जन्मजात क्लास

लांब कशाला जायचं? सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. हे नाव कुठून आलं, ते तिथं शिकणाऱ्या किती पोरांना सांगितलं जातं? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. अमुक जमातीत जन्मलास की तू गुन्हेगार; गुन्हा केलास की नाही हे बघायची गरज नाही. अशा जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात कोंडलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही, आणि इथल्या कापडगिरण्यांत राबायचं. पोरगं पाळण्यात असतानाच त्याचा क्लास ठरलेला : चोर. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. कायदा इंग्रजांचा खरा, पण धंदा जन्मानं चालतो ही अक्कल त्यांना इथल्याच जातिव्यवस्थेनं दिली.

महार वतनाचंही तेच. १८७४ च्या कायद्यानं गावकीची कामं पिढीजात बांधून टाकली होती. सांगावा पोचव, मेलेलं ढोर ओढ, सरकारी माणसापुढं धाव. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. वतनं प्रत्यक्ष संपवणारा कायदा झाला १९५८ मध्ये. तीस वर्षं लागली एक शाखा बंद करायला.

आणि खुद्द बाबासाहेब? एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचं होतं. शिक्षकांनी अस्पृश्याला शिकवायला नकार दिला म्हणून फारसी घ्यावी लागली. ‘झेपेल ते घे’चं ते जुनं रूप. पुढं त्यांनी संस्कृत स्वतः शिकून घेतलं आणि त्याच ग्रंथांची चिरफाड केली. आज त्या पोरीला “सायन्स नको” म्हणणाऱ्यांनी एल्फिन्स्टनच्या त्या वर्गात आपण कुठल्या बाजूला बसलो असतो, याचा विचार करावा.

इथं एक खुलासा. आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम. ए. केलंय. आर्ट्स कमी दर्जाची आहे असं आमचं बिलकुल म्हणणं नाही. पोरीनं इतिहास निवडला असता तर आम्ही पेढे वाटले असते. सवाल शाखेचा नाही. निवडतंय कोण, हा सवाल आहे.

आमचं ‘रीसेट’

धम्मात हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी सुटला. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली न्हावी होता. राजपुत्रांनीच भगवान बुद्धांना विनंती केली, आधी उपालीला दीक्षा द्या. कारण संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमानं मोजतात. मग आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा कुळाचा गर्व उतरेल. तोच उपाली पुढं विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला आणि पहिल्या संगीतीत त्यानं विनय सांगितला. सगळे शून्यापासून सुरू. पुढं ज्याची त्याची साधना.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी लादलेला क्लास फेकून दिला. त्याची किंमतही मोजली. बौद्ध झालात म्हणून अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती गेल्या, त्या १९९० साली कायदा दुरुस्त होईपर्यंत मिळाल्या नाहीत. चौतीस वर्षं! आमच्या आधीच्या पिढीनं हे ‘रीसेट’ इतकं महाग विकत घेतलंय. त्यांच्या नातवंडानं आता येऊन म्हणावं की चातुर्वर्ण्य मुळात टॅलेंटवर होतं?

काही ज्येष्ठ कार्यकर्ते आमच्यावर रागावतील : पोरांना गेम कसले खेळू देता? त्यांची काळजी खरी आहे. पैसे लावून खेळायच्या गेमनी घरं बुडाली. २०२५ मध्ये संसदेनं त्यावर बंदीचा कायदा केला, त्याला आमचा पाठिंबाच आहे. पण त्या पोरीला ‘तुझे पॉइंट तुझे, तू ठरव’ असं त्या दिवसात पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर त्या गेमनं सांगितलं. शाळेनं सांगितलं नाही, नातेवाइकांनी सांगितलं नाही. आमचं समाजकारणही तिथं कमी पडलं, हे कबूल करायला हवं.

अभियांत्रिकीच्या त्या पोराला आम्ही ‘जातिभेद निर्मूलन’ वाचायला दिलंय. एवढंच विचारलं, “तुझ्या ॲडमिशनला जातीचा दाखला लागला, वैधता प्रमाणपत्र लागलं. गेममध्ये पात्र बनवताना कधी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला का?” तो हसला नाही. पुस्तक घेऊन गेला.

पोरीनं अकरावीच्या अर्जात सायन्स टाकलंय. शाळेत जाऊन आम्ही बोललो. तिथं “तुमची जबाबदारी” असं ऐकून आलो. हो, आमचीच जबाबदारी. गणिताला आठवड्यातून तीन दिवस कुणीतरी लागणार आहे. सोलापुरातल्या आपल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या मंडळींनो, जयंतीच्या वर्गणीइतकाच हा हिशेबही आपला आहे. संध्याकाळी सहानंतर अभ्यासिका उघडी असते. या.

जय भीम! नमो बुद्धाय!