पंधराव्या वर्षाचे गुण

दहावीला कमी गुण पडलेल्या मुलाची समजूत काढताना आपण सगळेच म्हणतो, ‘जाऊ दे रे, पुढे दहावीचे मार्क कोण विचारतंय?’ बऱ्याच वाटांवर ते खरंही आहे. आयआयटीसाठी जेईई आणि बारावी लागते, वैद्यकीयला नीट. पण एमबीएसाठी आयआयएमकडे निघालेल्या मुलाच्या वाटेत दहावी पुन्हा आडवी येते.

अहमदाबादची आयआयएम मुलाखतीला बोलावण्याआधी कॅटच्या गुणांना उमेदवाराच्या अर्जाच्या गुणांकनाची जोड देते. त्यात दहावीच्या टक्केवारीलाही गुण असतात. बंगळूरच्या निवडीतही दहावी मोजली जाते. त्यामुळे कॅटमध्ये दोघे तोडीस तोड असले, तरी एकाला बोलावणं येतं आणि दुसरा सात-आठ वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेपायी मागे राहू शकतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या शाळेत दहावीचं जवळजवळ अख्खं वर्ष गणिताला शिक्षक नव्हता. पुढे तो पदवीला विद्यापीठात वरच्या क्रमांकावर आला. कॅटही उत्तम गेली, पण हवं ते बोलावणं आलं नाही. त्या रिकाम्या तासांचा हिशेब त्याच्याकडून का मागायचा? संस्था म्हणतात, आम्हाला सातत्य पाहायचंय. मग बारावी आणि पदवी आहेच की! पंधराव्या वर्षीचे गुण मुलाइतकेच त्याच्या शाळेबद्दल, क्लासच्या फीबद्दल आणि घरातल्या अभ्यासाच्या जागेबद्दलही सांगतात.

२०२१ची दहावीची तुकडी आठवा. कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. शंभरपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून आणि उरलेले शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनातून दिले गेले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. तीच मुलं आता पदवी घेऊन या रांगेत उभी राहताहेत. न झालेल्या परीक्षेचे गुण इतर वर्षांच्या गुणांशेजारी ठेवून कसली तुलना होणार?

याहून वेगळं करता येतं. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी सरासरी काढताना नववीचे ग्रेड धरत नाही, दहावी-अकरावीचेच धरतं. म्हणजे चौदाव्या वर्षी अडखळलेल्या मुलाला सावरायला वाव राहतो. आपल्याकडेही मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत राज्याच्या प्रवेशफेरीतून जाताना सीईटीचे गुण निर्णायक ठरतात आणि तिचा दबदबा त्यामुळे कमी झालेला नाही.

आयआयएमनी दहावीचे गुण निवडीतून काढून टाकावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर कॅट देणाऱ्या मुलांनो, अर्ज भरण्याआधी प्रत्येक संस्थेचे निवडीचे निकष तिच्या संकेतस्थळावर नीट वाचा. दहावीला किती वजन आहे ते पाहा, जिथे ते कमी आहे किंवा नाही अशा संस्था यादीत घ्या, आणि दहावीच्या आकड्याकडे पाहून आधीच माघार घेऊ नका.