मोजून दिलेलं पाणी



गेल्या वर्षी एका रात्री ह्यांना एकदम धाप लागली. आडवं पडलं की जीव घुसमटायचा, उठून बसलं की जरा बरं वाटायचं. दवाखान्यात कळलं, हृदयाचा पंप कमजोर होऊन फुप्फुसांत पाणी साठलंय.

अतिदक्षता विभागात सिस्टरांनी पाठ उंच करून बसवलं, ऑक्सिजन लावला. दर तासाला नाडी, बीपी, श्वास मोजायचा आणि लघवी मापून कागदावर लिहायची. मी बी.कॉम. झालेली, तो कागद पाहून मला खतावणीच आठवली. तोंडावाटे आणि सलाईनमधून गेलेलं ते जमा, लघवी तो खर्च. शिल्लक वाढत गेली की धाप वाढते.

ह्याच वहीत मी घोटाळा केला. "पाणी दे गं," म्हटलं की सिस्टरांची नजर चुकवून दोन-दोन घोट द्यायची. नणंदेनं आणलेलं नारळपाणीही दिलं. संध्याकाळी श्वास पुन्हा वाढला. कागदावर तर सगळं ठीक! शेवटी मी कबूल केलं. सिस्टर रागावल्या नाहीत. "काकू, द्यायचं असेल तर सांगून द्या, म्हणजे आम्ही लिहू," एवढंच म्हणाल्या. मला फार लाज वाटली.

आपल्याकडे उशाशी बसलं, डोक्यावरून हात फिरवला की सेवा झाली असं वाटतं. आपल्या सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य आहे. त्याला तप का म्हटलं, ते मला तिथं कळलं. मागितलं की पाणी देणं सोपं आहे. माया असूनही मोजून देणं, हे तप. आणि ते तप रात्रपाळीत करणाऱ्या सिस्टरांना आपण "अहो, जरा इकडे या" म्हणून घंटा वाजवल्यासारखं बोलावतो! त्यांच्या कामाला मान आणि नीट पगार दोन्ही मिळायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भेटायला येणाऱ्यांचंही तेच. धाप लागलेल्या माणसाला बोलायला लावणं म्हणजे त्याचा श्वास खर्च करणं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1859 च्या आपल्या पुस्तकात पाहुण्यांच्या पोकळ धीरावर आणि फुकटच्या सल्ल्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. म्हणजे हा त्रास जुनाच!

आता घरी माझी वही असते. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली किंवा रात्री उशी वाढवावी लागली, तर लगेच डॉक्टरांना फोन. एकदम धाप लागली तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना. ऑक्सिजन घरी असला तरी आपल्या मनानं वाढवायचा नाही. जुन्या दम्या-खोकल्याच्या काही रुग्णांना जास्तीचा ऑक्सिजनही बाधतो.

दशलक्षण पर्वात ह्यांना निर्जळी उपवास करायचा होता. डॉक्टरांनी नको म्हटलं, गोळ्या चुकवायच्या नव्हत्या. मग त्यांनाच विचारून ह्यांनी पापड, लोणचं आणि वरून घ्यायचं मीठ सोडलं. रसत्यागही झाला आणि पथ्यही. ती नोंद मी वहीत केली, ह्या वेळी अगदी खरी.