विश्लेषण : विमान कोणत्या ‘भाषे’त चालते?

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी एअरबसने ‘ए३२०’ मालिकेतील सुमारे सहा हजार विमानांसाठी तातडीची सूचना काढली. भारतात इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ३३८ विमानांना ती लागू होती. उमरीहून रेल्वेने हैदराबाद गाठून पुढे विमान पकडणाऱ्यांचा प्रवासही बहुधा याच विमानांतून होतो.

नेमके काय घडले?

३० ऑक्टोबरला कानकूनहून न्यूअर्कला निघालेले जेटब्लूचे विमान हवेत अचानक खाली गेले. काही प्रवासी जखमी झाले आणि विमान टॅम्पाला उतरवावे लागले. तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे उड्डाण नियंत्रणाच्या संगणकातील माहिती बिघडू शकते, असे एअरबसने नंतर सांगितले. बहुतेक विमानांत सॉफ्टवेअरची आधीची आवृत्ती परत टाकण्यात आली. मोबाइलवर नवे अपडेट आपण डोळे झाकून घेतो. येथे नवेच काढावे लागले.

मग भाषा बदलावी का?

विमानांत प्रामुख्याने एडा, सी आणि सी++ या भाषा वापरल्या जातात. एडा ही अमेरिकी संरक्षण खात्यासाठी घडवलेली, १९८३ मध्ये प्रमाणित झालेली भाषा. उंचीच्या आकड्यात चुकून वेगाचा आकडा मिसळला, तर असा कोड तयार होतानाच अडवण्याची सोय तिच्यात आहे. बोइंग ७७७ चे बहुतांश सॉफ्टवेअर एडामध्ये आहे. ज्याचे मार्क-१ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकहून झेपावले, त्या ‘तेजस’च्या उड्डाण नियंत्रणासाठीही एडाच निवडली गेली.

पण ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झालेल्या एरियन-५ रॉकेटचा बिघडलेला कोडही एडातलाच होता! एरियन-४ साठी लिहिलेला भाग तसाच उचलला गेला. नव्या रॉकेटचा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. भाषेने दिलेले संरक्षण त्या ठिकाणी वापरलेच नव्हते.

क्लासमधली पायथन, जावा येथे का नाही?

या भाषांत मेमरीची साफसफाई मध्येच, आपोआप होते. उड्डाण नियंत्रणाला मात्र ठरलेल्या मिलिसेकंदांत उत्तर हवे असते. शिवाय ‘डीओ-१७८सी’ या मानकानुसार कोडची प्रत्येक ओळ कोणत्या गरजेसाठी लिहिली, हे दाखवावे लागते. नांदेडला अभियांत्रिकी शिकायला जाणाऱ्या उमरीच्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे : या क्षेत्रातला मोठा वेळ कोड लिहिण्यात नव्हे, तपासण्यात जातो. आणि सर्वांत धोकादायक श्रेणीत तपासणारा लिहिणाऱ्याहून वेगळाच असावा लागतो.