घर बांधायला पाहुणे, घरधनी परदेशी

25 एप्रिल 2015 च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि पाच लाखांच्या आसपास घरे भुईसपाट झाली. तिथे घरे बांधायला परदेशातून आलेले स्वयंसेवक मनापासून राबले, याबद्दल शंका नाही. पण त्या गावांतला धडधाकट तरुण तेव्हा कुठे होता? अनेकदा तो कतारमध्ये, मलेशियात किंवा भारतात मजुरी करत होता. 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाची स्टेडियम उभारणाऱ्यांत नेपाळी मजूर हजारोंनी होते आणि त्याच काळात सिंधुपालचोक, गोरखा या जिल्ह्यांत घर बांधायला गवंडी मिळत नव्हते. स्वयंसेवकाने नेपाळहून हे समजून घेऊन परतायला हवे, असे माझे ठाम मत आहे; एक भिंत कमी उभी राहिली तरी चालेल.

सरकारने प्रत्येक घरामागे तीन लाख नेपाळी रुपये, म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या थोडे वर, हप्त्याहप्त्याने दिले. पाया तपासल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. एवढ्यात घर पुरे होत नाही. उरलेली रक्कम कर्जातून उभी राहते किंवा आखातातून येते. देशाच्या उत्पन्नाच्या पाव भागाइतका पैसा तिथे बाहेर गेलेली माणसेच धाडतात. कर्ज फेडायला मग घरातला आणखी एक जण बाहेर पडतो. म्हणजे ज्या स्थलांतराने गावातले हात नेले, त्याच्याच पैशावर घर उभे राहते. विटा वाहणाऱ्याला हे कुणी सांगितले नाही, तर तो एवढेच समजून परततो की इथले लोक गरीब आहेत आणि आपण मदत केली.

विमानभाड्याचे पैसे थेट गवंड्यांना द्यावेत, असा आक्षेप घेतला जातो. हिशेबाने तो बरोबरच आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला भूकंपात तारतो तो जोत्यावर, खिडकीखाली आणि चौकटीवर फिरवलेला आडवा पट्टा. तो बांधणे हौशी हातांचे काम नाही. पण स्वतः जायचे नसेल तर तेवढे पैसे काढून देणारे थोडेच असतात. तेव्हा सहली बंद करण्यापेक्षा त्यांची घडी बदलावी: काम स्थानिक मिस्त्रीच्या हुकमाखाली, त्याला पूर्ण मजुरी, आणि अर्धा दिवस घरच्यांशी बोलण्यासाठी राखलेला. दलालाला किती दिले, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे, पगार किती महिने थकला, हे त्यांच्याच तोंडून कळते. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला असले प्रश्न विचारणे निर्दयपणाचे आहे, असेही म्हटले जाते. विचारायची सक्ती नकोच; पण ज्यांच्या देशांतल्या कंपन्या आखातात कंत्राटे घेतात, त्या पाहुण्यांनी तरी कान बंद ठेवू नयेत.

आपल्याला तर काठमांडूचे तिकीटही काढायला नको. रत्नागिरीच्या हापूस बागांत राखण, फवारणी, तोडणी नेपाळी कामगार करतात. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. नेपाळला शिबिर नेऊ पाहणाऱ्या महाविद्यालयांनी आधी या बागांतल्या खोपटांत जावे आणि मजुरी वेळेवर मिळते का, झाडावरून पडल्यास दवाखान्याचा खर्च कोण देतो, मुले कोणत्या शाळेत जातात, हे विचारावे.